ठरावाचा कर्ता कोण?

मराठीचे प्रयोग शिकविताना आम्ही वर्षानुवर्षे तीच ती वाक्ये फळ्यावर लिहितो. राम आंबा खातो, रामाने आंबा खाल्ला, रामाने रावणास मारले. विद्यार्थ्यांना हा भाग कोरडा वाटतो आणि परीक्षेनंतर ते तो विसरतात. सार्वजनिक व्यवहारातील भाषा वाचू लागल्यावर मात्र या कोरड्या भागाचे महत्त्व ध्यानात येते. ‘खुले करण्यात यावे’, ‘परवानगी देण्यात यावी’, ‘प्रयत्न करण्यात येतील’ अशा वाक्यांनी आपले ठराव, परिपत्रके आणि अहवाल भरलेले असतात. त्यांत क्रिया असते, कर्मही असते. कर्ता तेवढा सापडत नाही. आणि अशा बिनकर्त्याच्या वाक्यांचा फार मोठा साठा समतेच्या ठरावांत आहे.

समतेसाठी केलेला एखादा प्रयत्न प्रामाणिक आहे की दिखाऊ, हा प्रश्न निघाला की चर्चा बहुधा माणसाच्या अंतःकरणाकडे वळते. अमुक पुढारी मनापासून बोलले का, तमुक संस्थेचा हेतू शुद्ध होता का, यावर वाद होतात आणि ते कधी संपत नाहीत; कारण अंतःकरणाचा पुरावा कोणाच्याच हाती नसतो. आम्हांला असे वाटते, की या प्रश्नाचा निकाल अंतःकरणात न शिरताही लावता येतो. त्यासाठी वाक्य तपासावे. काम करणार कोण? कधीपर्यंत? झीज कोणी सोसायची? काम झाले नाही तर पुढे काय? आणि ज्यांच्यासाठी हे सारे चालले आहे, ती माणसे वाक्यात कर्त्याच्या जागी आहेत की कर्माच्या? हे प्रश्न आमचे नव्हेत. ज्यांना ‘थोडे थांबा’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगण्यात आले, त्यांनी ते कोकणात, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, आपल्या कृतीने विचारलेले आहेत.

कोकण म्हणताना आमच्या नजरेपुढे एक लहानसा नकाशा आहे. गुहागर तालुक्यातील हेदवी हे गाव त्याच्या मध्यावर धरावे. दशभुज लक्ष्मीगणेशाचे देऊळ आणि भरतीच्या वेळी खडकाच्या अरुंद भेगेतून पाणी उसळणारी बामणघळ, या दोन गोष्टींसाठी प्रवासी हेदवीला येतात. प्रवासवर्णनांत गावाची ओळख बहुधा एवढ्यावरच थांबते. पण येथून उत्तरेला दाभोळची खाडी ओलांडली की दापोली तालुका लागतो. टिळक घराण्याचे चिखलगाव आणि साने गुरुजींचे पालगड ही दोन्ही गावे त्याच तालुक्यातली. त्यापुढे मंडणगड तालुक्यात आंबडवे, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. आणखी वर सावित्रीच्या काठी महाड. दक्षिणेला जयगडची खाडी ओलांडून गेले की रत्नागिरी. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर मराठी समाजाने जे जे बोलले आणि जे जे करून पाहिले, त्याचे बहुतेक सगळे नमुने या एवढ्या पट्ट्यात एकमेकांच्या शेजारी पडलेले आहेत.

पहिला नमुना दापोलीचा. ब्रिटिश लष्करातून निवृत्त झालेले अनेक महार सैनिक एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दापोलीत स्थायिक झाले होते. सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत कोणत्याही जातीच्या मुलाला मज्जाव नाही, असे सरकारचे धोरण तोपर्यंत कागदावर येऊन काही काळ लोटला होता. प्रत्यक्षात या पेन्शनर मंडळींना आपल्या मुलांच्या प्रवेशासाठी १८९२ च्या सुमारास अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. मुंबई इलाख्यात त्या काळी प्रवेश मिळाला तरी अशा मुलांना वर्गात न घेता ओसरीवर बसविण्याची पद्धत सर्रास होती. हजेरीपटावर नाव वर्गात आणि मूल ओसरीवर. समतेच्या अर्ध्यामुर्ध्या अंमलबजावणीचे याहून नेमके चित्र आम्हांला तरी ठाऊक नाही. नियम मोडला, असे कोणालाही म्हणता येत नव्हते. आणि नियम पाळला, असे म्हणणे हा त्या मुलाचा उपहास होता.

याच दापोलीत राहणारे गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. साहित्याच्या अभ्यासकाने तिच्या घाटाकडे लक्ष द्यावे. तो अर्ज नाही आणि प्रवचनही नाही. ती धर्माधिकाऱ्यांना व प्रतिष्ठितांना उद्देशून केलेली प्रश्नावली आहे. अर्ज करणारा उत्तराच्या दयेवर असतो. प्रश्न विचारणारा समोरच्यावर उत्तराची जबाबदारी टाकतो. १८९५ मध्ये महाडच्या तालुका लोकल बोर्डावर वलंगकरांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्या शेजारी बसण्यास उच्चवर्णीय सभासदांनी हरकत घेतली. बोर्डाचे दार कायद्याने उघडले होते. खुर्ची मात्र अद्याप ओसरीवरच होती.

दुसरा नमुना सहीचा आहे. विठ्ठल रामजी शिंदे यांनी २३ आणि २४ मार्च १९१८ रोजी मुंबईत अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरविली. अध्यक्षस्थानी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड होते. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक या परिषदेत बोलले. देवच अस्पृश्यता मानू लागला तर आपण त्याला देव मानणार नाही, अशा आशयाचे त्यांचे उद्गार तेव्हापासून शाळेच्या फलकांपर्यंत सर्वत्र पोहोचले आहेत. त्याच परिषदेच्या निमित्ताने एक जाहीरनामाही निघाला होता. आपण स्वतःच्या वैयक्तिक आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशी प्रतिज्ञा त्यात होती आणि देशातील अनेक पुढाऱ्यांनी त्यावर सह्या केल्या. टिळकांची सही त्यावर नाही.

या प्रसंगावरून टिळकांना ढोंगी ठरविणे हा आमचा हेतू नाही. त्यांच्या अडचणी असतील, अनुयायांचे दडपण असेल, राजकारणाची गणिते असतील. आमचे लक्ष आहे ते दोन प्रकारच्या वाक्यांतील अंतराकडे. पहिल्या वाक्यात देवाला आव्हान आहे. ते ऐकताना सभा थरारते आणि वक्त्याला दुसऱ्या दिवशी काहीच वेगळे करावे लागत नाही. दुसरे वाक्य रुक्ष आहे, पण त्याखाली सही करणाऱ्याला घरी जाऊन स्वयंपाकघराचा, पाणवठ्याचा आणि पंगतीचा प्रश्न सोडवावा लागतो. उद्गार फलकावर गेला आणि सहीची गोष्ट तळटीपेत राहिली, हा आपल्या स्मरणाचाही दोष आहे. समाज आपल्या पुढाऱ्यांची कोणती वाक्ये पाठ करतो, यावरून त्या समाजाला काय सोयीचे आहे ते कळते.

तिसरा आणि सर्वांत बोधप्रद नमुना महाडचा. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य वर्गांना वापरू द्यावेत, अशी ही शिफारस होती. मूळ इंग्रजी ठरावाचे वळणही कर्मणीच आहे : वापरू ‘दिले जावे’. कोणी द्यावे, कधीपर्यंत द्यावे, न दिल्यास काय, यांतील काहीच त्यात नव्हते. सरकारने त्यानंतर खात्यांना आणि स्थानिक संस्थांना कळविले. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. तळे खुले झाले, असे दप्तरात लिहिले गेले. त्यानंतरची तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्याचे पाणी भरले नाही. भरण्याची सोयच नव्हती. ठराव करणाऱ्यांचे त्यामुळे काही अडले नाही. कोणी पाणी भरायला येत नाही म्हणून ठराव निर्वेध होता, आणि ठराव कागदावर राहील अशी सर्वांची समजूत असल्यामुळेच तो संमत होऊ शकला होता.

बोले यांच्या ध्यानात ही गोष्ट आली होती. १९२६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी कायदेमंडळात पुन्हा ठराव मांडला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करीत नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. या दोन ठरावांमधील फरक वर्गात शिकविण्यासारखा आहे. पहिल्यात सदिच्छा आहे. दुसऱ्यात ‘नाही तर’ आहे.

पुढचे पाऊल महाडात पडले. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. रा. बा. मोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची उभारणी केली होती. २० मार्चला बाबासाहेब आंबेडकर आणि परिषदेस आलेले हजारो स्त्री-पुरुष तळ्यावर गेले व पाणी प्याले. या कृतीत कायदेभंग नव्हता, ही गोष्ट नेहमी नजरेआड होते. नगरपालिकेने जे खुले आहे म्हणून लिहून ठेवले होते, ते खुले आहे असे धरून माणसे चालत गेली, एवढेच घडले. ‘पाणी भरू देण्यात यावे’ या वाक्याच्या जागी ‘आम्ही पाणी पितो’ हे वाक्य आले. दिखाऊ समतेला आव्हान देण्याची याहून सोपी व परिणामकारक रीत आजवर सापडलेली नाही : दिलेला शब्द खरा मानायचा आणि त्याप्रमाणे वागायला लागायचे.

मग ठरावामागचे खरे स्वरूप बाहेर यायला वेळ लागला नाही. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळातही शिरणार अशी आवई उठली, परतणाऱ्या माणसांना मारहाण झाली, पंचगव्याच्या घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करून घेण्यात आले. आणि ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती. कोणी वापरीत नव्हते तोवर जो हक्क कायम राहिला, तो वापरताच रद्द झाला. त्या डिसेंबरात सत्याग्रहासाठी माणसे पुन्हा महाडात जमली, तेव्हा काही रहिवाशांनी कोर्टाकडून तात्पुरता मनाईहुकूम आणलेला होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्याचे पाणी घेण्याचा कार्यक्रम मात्र कोर्टाचा मान राखून पुढे ढकलण्यात आला. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादि असल्याचे सिद्ध होत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. तळ्याच्या काठापासून निकालापर्यंत दहा वर्षे लागली.

न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे, की महाडच्या या लढ्यात सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे ही सवर्ण मंडळी आंबेडकरांच्या बाजूने उभी होती. मनुस्मृतिदहनाचा ठराव मांडणारे सहस्रबुद्धे ब्राह्मण होते. त्यांच्या प्रामाणिकपणाचा दाखला शोधायला त्यांची भाषणे चाळावी लागत नाहीत. त्यांनी स्वजातीयांचा रोष पत्करला आणि पुढारपण ज्यांचे होते त्यांच्याकडेच राहू दिले. या दोन गोष्टी एकत्र क्वचितच आढळतात.

त्या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या म्हणजे काय होते, ते रत्नागिरीत आणि पुढे अखिल भारतीय पातळीवर दिसले. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते. शाळांत सर्व मुलांनी सरमिसळ बसावे, सहभोजने व्हावीत, देवळे खुली व्हावीत, यासाठी त्यांनी तेथे चळवळ चालविली आणि सनातन्यांचा विरोध अंगावर घेतला. भागोजीशेठ कीर यांनी स्वतःचा पैसा घालून उभारलेले पतितपावन मंदिर २२ फेब्रुवारी १९३१ रोजी सर्व हिंदूंना खुले झाले. कीर स्वतः भंडारी समाजातले. देवळाच्या पायरीचा अर्थ काय असतो, हे त्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. ही खटपट दिखाऊ होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

तरीही आंबेडकरांनी एप्रिल १९२९ मध्ये ‘बहिष्कृत भारत’मधून अशा सर्वांसाठीच्या नव्या देवळाच्या कल्पनेला आपला विरोध नोंदविला. नवे देऊळ कालांतराने केवळ अस्पृश्यांचे देऊळ होऊन बसेल, असा त्यांचा आक्षेप होता. पुढे १९३३ मध्ये सावरकरांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्यांच्या कार्याची दखल घेतली. मात्र अस्पृश्यता जाऊन भागणार नाही, चातुर्वर्ण्यच गेले पाहिजे, हेही बजावले. वाद हेतूचा नव्हता, रचनेचा होता. जुन्या देवळाच्या विश्वस्तांना नव्या देवळामुळे काहीही सोडावे लागत नाही. ज्या दारावर अडविले गेले ते दार तसेच राहते आणि शेजारी दुसरे दार उघडते. ‘पतितपावन’ या शब्दाची घडणही विचारात घ्यावी. पावन करणारा वर आहे, पतित खाली आहे, आणि त्याला पतित कोणी केले हे सांगणारे पद त्या समासात नाही.

सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारानंतर लगेच मुंबईत अस्पृश्यता निवारणासाठी अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. पुढे ती हरिजन सेवक संघ या नावाने ओळखली गेली. अध्यक्ष घनश्यामदास बिर्ला आणि चिटणीस अमृतलाल ठक्कर. तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी जहाजाने जात असताना आंबेडकरांनी १४ नोव्हेंबर १९३२ रोजी ठक्करांना एक विस्तृत पत्र लिहिले. समाजकार्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते वाचावे, इतके ते पद्धतशीर आहे. माणसाची दैना त्याच्या स्वतःच्या वागणुकीमुळे होते, असे मानले तर काम एका प्रकारचे होते : दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये. ती दैना परिस्थितीमुळे होते, असे मानले तर काम दुसऱ्या प्रकारचे होते : विहिरी, शाळा, चावड्या, नोकऱ्या यांवरचे हक्क बजावून घेण्याची मोहीम. त्यांनी दुसऱ्या मार्गाचा आग्रह धरला आणि त्यात संघर्ष होणार, गावागावांत माणसे उभी करावी लागणार, हेही स्पष्ट लिहिले. रोजगारात समान संधी मिळाली पाहिजे, हा त्यातील एक ठळक मुद्दा होता. कोकणातून पोटासाठी मुंबईला गेलेल्या अस्पृश्य कामगाराला गिरणीच्या विणखात्यात मज्जाव होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या मुद्द्याचे वजन कळते. या पत्राची साधी पोचही आली नाही, असे आंबेडकरांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात नमूद केले आहे.

संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान असावे, ही मागणी झाली तेव्हा गांधीजींची भूमिका अशी होती, की हे सवर्णांचे प्रायश्चित्त आहे; ऋणकोने फेडायचे ऋण आहे; त्याची व्यवस्था ऋणकोनेच पाहावी. यामागील नैतिक भावना खरी होती, यात आम्हांला शंका नाही. पण व्यवहार असा होतो, की कर्ज किती, हप्ता केवढा आणि तो कधी द्यायचा, हे सारे कर्जदारच ठरवू लागतो. या अनुभवाला पूर्वपीठिकाही होती. मे १९२० मध्ये नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या बहिष्कृत परिषदेत आंबेडकरांनी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या मिशनच्या एका सूचनेला विरोध केला होता. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी ती सूचना होती. शिंदे यांनी १९०६ पासून या कामात आपले आयुष्य घातले होते, त्यांच्या निष्ठेबद्दल वाद संभवत नाही. आणि म्हणूनच हे उदाहरण महत्त्वाचे. निष्ठावंत माणूससुद्धा दुसऱ्याच्या वतीने कर्तेपद आपल्याकडे ठेवू शकतो, आणि त्याला तेथे विचारावे लागते.

‘अस्पृश्योद्धार’, ‘हरिजनसेवा’ हे त्या काळातील शब्द याच दृष्टीने पुन्हा वाचावेत. उद्धार दुसरा कोणी करतो, सेवाही दुसरा कोणी करतो. ‘हक्क’ हा शब्द निराळा आहे. तो बजावायचा असतो आणि ज्याचा त्याने बजावायचा असतो.

झीज कोणी सोसायची, या प्रश्नाची कसोटी कोकणात जमिनीवर लागली. रत्नागिरी जिल्ह्यात खोती होती. कुणबी, महार आणि इतर कुळे खोताच्या जमिनी कसत आणि मक्ता भरत. स्पर्शाची समता मान्य करणाऱ्याला फार तर जातभाईंची नाराजी पत्करावी लागे. मक्त्याच्या समतेत उत्पन्न जाणार होते. आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातील शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेण्यात आला. अस्पृश्यता निवारणाला जाहीरपणे वाहून घेतलेला पक्ष तेव्हा प्रांतात सत्तेवर होता. विधेयक संमत झाले नाही. खोती रद्द करण्याचा कायदा त्यानंतर १९४९ मध्ये झाला.

देवळाच्या बाबतीतही कालक्रम पाहण्यासारखा आहे. साने गुरुजींनी महाराष्ट्रभर दौरा करून १ मे १९४७ पासून पंढरपुरात विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले आणि दहाव्या दिवशी ते यशस्वी झाले. त्यांनी स्वतःचा जीव पणाला लावला, ही झीज सोसण्याची परिसीमा होती. पण ज्यांच्यासाठी हे दार उघडले, त्यांच्यातील मोठ्या वर्गाने त्या दाराकडे तोवर पाठ फिरविलेली होती. काळाराम मंदिराच्या पायऱ्यांवर वर्षानुवर्षे थांबून झाल्यावर आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली होती. समतेला मुदत नसली म्हणजे ती खरी असूनही उशिरा पोहोचते.

मुदतीचा हा प्रश्न आपल्यापुरता नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामीची प्रथा नष्ट करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, आणि आंबेडकरांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रसंघाकडील अर्जाची प्रत मागितली; वंशभेद आणि जातिभेद यांची तुलना मराठी विचाराला जुनी आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरविले. १९५५ च्या पुढच्या आदेशात मात्र हे काम विचारपूर्वक त्वरेने व्हावे, असे म्हटले गेले. तारीख दिली नाही. दक्षिणेकडील राज्यांनी त्या विशेषणाचा पुरेपूर उपयोग करून घेतला. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड कौंटीने १९५९ मध्ये गोऱ्या-काळ्यांना एकत्र बसविण्याऐवजी सार्वजनिक शाळाच बंद केल्या आणि त्या १९६४ पर्यंत बंद राहिल्या. महाड नगरपालिकेची आठवण व्हावी असेच हे वर्तन आहे. हक्क कागदावरून खाली उतरू लागला की कागदच मागे घेतला जातो.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने तिच्या आचरणास शिक्षा ठेवली. म्हणजे ‘नाही तर’ आले. तरीही कागद आणि पाणवठा यांत अंतर किती उरले आहे, हे मोजायला कोणी तरी गावोगाव जाणे आवश्यक होते. बाबा आढाव यांनी १९७० च्या दशकात चालविलेल्या ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीचे महत्त्व आम्हांला यात दिसते. कार्यकर्ते गावात जात, पाणी कोण कोठे भरते ते पाहत, विचारत, लिहून घेत. दिखाऊपणाला भाषणाने उत्तर देण्यापेक्षा मोजणीने उत्तर देणे अधिक अवघड असते, आणि अधिक निरुत्तर करणारेही.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलून समतानगर, भीमनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. नावाला महत्त्व नाही, असे भाषेच्या शिक्षकांनी तरी म्हणू नये. टपालाच्या पत्त्यात रोज जात लिहावी लागणे हा अपमान होता आणि तो दूर होणे योग्यच आहे. पण कोकणातील गाव वाड्यावाड्यांनी बनलेले असते. वाडी गावाच्या कोणत्या अंगाला आहे, तिच्यापर्यंत रस्ता कसा जातो, नळाचे पाणी तेथे किती वेळ येते, स्मशान कोणते, ग्रामदेवतेच्या उत्सवात मान कोणाकोणाला, हे प्रश्न पाटी बदलल्याने सुटत नाहीत. पाटी बदलणे ही सुरुवात असेल तर स्वागतार्ह. तिलाच समाप्ती मानले तर पुन्हा तेच : हजेरीपटावर नाव वर्गात, मूल ओसरीवर.

आमच्या क्षेत्रापुरते बोलायचे तर महाविद्यालयेही या इतिहासाच्या बाहेर नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाने उच्च शिक्षणसंस्थांतील समतेसंबंधी २०१२ मध्ये विनियम काढले; त्यानंतर समान संधी कक्ष, तक्रार निवारण समित्या, उद्देशिकेचे सामूहिक वाचन यांची भर पडत गेली. अनेक ठिकाणी सप्रेम आणि मेहनतीने काम होते, हे आम्ही पाहिले आहे. पण वार्षिक अहवालातील एक रकाना आम्हांला नेहमी अस्वस्थ करतो. ‘प्राप्त तक्रारी : शून्य.’ हा शून्य यश म्हणून सादर केला जातो. १९२४ ते १९२७ या काळात चवदार तळ्याबाबत महाड नगरपालिकेचा रकानाही शून्यच भरला असता. कोणी पाणी भरायला आले नव्हते. शून्याचे दोन अर्थ असतात : अन्याय नाही, किंवा अन्याय सांगायला जागा नाही. कोणता अर्थ खरा, हे अहवाल लिहिणाऱ्याला नव्हे, तर ज्याने तक्रार केली नाही त्यालाच विचारावे लागते. आणि त्यासाठी समितीत तो कर्त्याच्या जागी असावा लागतो.

या निमित्ताने मराठीच्या प्राध्यापकमित्रांना एक सूचना करावीशी वाटते. प्रयोग शिकविताना रामाचा आंबा एखाद्या वर्षी बाजूला ठेवावा. विद्यार्थ्यांनी आपापल्या ग्रामपंचायतीचा, शाळेचा किंवा महाविद्यालयाचा समतेसंबंधीचा एखादा ठराव, परिपत्रक वा अहवाल मिळवून वर्गात आणावा. त्यातील प्रत्येक कर्मणी वाक्याला कर्ता जोडून ते पुन्हा लिहावे. ‘पाणीपुरवठा करण्यात येईल’ याऐवजी कोण, कोणत्या वाडीला, कोणत्या महिन्यापासून पाणी देईल, ते लिहावे. जेथे कर्ता जोडता येत नाही तेथे जागा रिकामी सोडावी आणि खाली ठराव करणाऱ्यांची नावे लिहावीत. मग त्या रिकाम्या जागांविषयी त्यांना, गावाच्या सभेत उभे राहून, विचारावे.